खान्देशातून नेपाळला सेवेला जायचंय? निघण्याआधी हे वाचा

नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, भुसावळ, कुठल्याही मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) सभेला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "दादा, आमच्या तरुण संघालाही नेपाळला अनाथ मुलांच्या सेवेला जायचंय, कसं काय जमवता तुम्ही?" फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. पाळक साहेबांना दाखवा, महिला मंडळाला वाचून दाखवा, आणि मगच तिकिटं काढा.

नेपाळच का, तर आपल्याला व्हिसा लागत नाही, भुसावळहून रेल्वेने सीमेजवळ पोचता येतं, खर्च आवाक्यात राहतो आणि पाट्या देवनागरीत असल्याने आपल्या आज्यासुद्धा दुकानाचं नाव वाचू शकतात. तिथली मंडळी लहान आहे. २०२१ च्या नेपाळच्या जनगणनेत ख्रिस्ती लोक १.७६ टक्के निघाले. आपण जातो ते या लोकांच्या मदतीला. त्यांच्या डोक्यावर बसायला नाही, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात असू द्या.

१. भेटायचं कोणाला, ते आधी ठरवा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण पुढचं सगळं हिच्यावर ठरतं.

बहुतेक गट "अनाथालयाला भेट" हे डोक्यात घेऊनच येतात. खाऊ, वह्या, खेळणी, दोन गाणी, सामूहिक फोटो आणि संध्याकाळी परत. माझं स्पष्ट मत आहे: ही भेट कार्यक्रमातून काढून टाका.

कारण साधं आहे. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघंही, जिवंत आहेत. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुलं खाली आणली. "काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो" असं सांगून आईबापांकडून पैसे घेतले आणि मुलांना अनाथ म्हणून दाखवलं. संघर्ष संपला तरी धंदा संपला नाही. बालगृहं कुठे आहेत ते नकाशावर पाहा. सगळ्यात गरीब जिल्ह्यांत ती फारशी दिसणार नाहीत. काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे परदेशी पाहुणे येतात तिथे ती दाटीवाटीने सापडतील. पाहुणा आला की देणगी येते, देणगी येते म्हणून मुलं लागतात, आणि मुलं लागतात म्हणून कुठल्यातरी डोंगरातल्या आईला कोणीतरी गोड बोलून येतं. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर हीच भीती होती, म्हणून नेपाळ सरकारने नव्या बालगृहांना परवानगी देणं थांबवलं होतं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. अक्कलकुवा-धडगावची मुलं आश्रमशाळेत राहतात, ती काय अनाथ असतात? आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले असतात, एवढंच. उद्या कोणी परदेशी पाहुणा येऊन त्या पोरांना "बिचारी अनाथ लेकरं" म्हणत फोटो काढायला लागला, तर आपल्या गावातला माणूस काय म्हणेल? मग तेच आपण पलीकडे जाऊन का करायचं?

आणखी एक. लहान मुलाला आठवडाभर कडेवर घेऊन लळा लावायचा आणि गाडीत बसून निघून यायचं, पुढच्या महिन्यात दुसरा गट येणार, पुन्हा लळा, पुन्हा निरोप. हे त्या लेकराला सोसत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनात, अनाथ आणि विधवा दोघांचा समाचार घ्यायला सांगितलंय. आपण अनाथ तेवढा उचलतो आणि त्याची विधवा आई वचनात सोडून देतो. तिलाच भेटायला जा. ती तगली तर तिचं लेकरू घरातच राहील.

म्हणून कार्यक्रम असा ठरवा: गरीब कुटुंबं, एकट्या बायकांची घरं, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा. बालगृहात जायची वेळ आलीच, तर आधी हे विचारा: पालिकेकडे नोंदणी आहे का? किती मुलांचे आईबाप हयात आहेत? दसैंला (तिथल्या दसऱ्याला) किती मुलं घरी गेली? पाहुण्यांसमोर मुलं नाचवतात का? शेवटच्या प्रश्नाला "हो, तुमच्यासाठी छान कार्यक्रम ठेवतो" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून फोन ठेवा.

२. तिथल्या मंडळीने बोलावल्याशिवाय निघू नका

आपला उत्साह हे काही आमंत्रण नव्हे. ओळखीतून, आपल्या संप्रदायाच्या संबंधातून किंवा आपल्याकडे बायबल शाळेत शिकून गेलेल्या नेपाळी पाळकांमार्फत एक स्थानिक मंडळी शोधा. आधी काही महिने नुसतं बोला. त्यांना काय हवंय ते त्यांनाच सांगू द्या, आणि "तुम्ही याल तेव्हा बघू" असं म्हणाले तर समजा की अजून ओळख झालेली नाही.

त्यांच्याकडून लेखी पत्र घ्या: किती लोक, किती दिवस, राहायची सोय कुठे, काम काय. गट सहा-सात जणांचा असावा. पंधरा-वीस माणसं घेऊन गेलात तर यजमान मंडळी आठवडाभर फक्त तुमचा भात शिजवत बसेल.

संस्थेमार्फत जात असाल तर ती संस्था समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का ते विचारा. मुलांशी संबंधित काम असेल तर पालिका आणि राष्ट्रिय बाल अधिकार परिषद यांचे नियम लागू होतात. ते सांभाळायची जबाबदारी यजमानांची असली तरी "सगळं ओके आहे" एवढ्यावर भागवू नका, कागद बघायला मागा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: नेपाळी मंडळ्या शनिवारी जमतात, कारण तिथे शनिवार हाच पूर्वापार सुटीचा वार. रविवारी भक्तीला जाऊ म्हणून शनिवारी फिरायला गेलात तर भक्ती चुकेल.

३. कायदा: हे पाठच करून जा

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ धर्म पाळायला मोकळीक देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपण भारतीयही तिथे परदेशीच.

याचा व्यवहारात अर्थ असा:

- तांदळाच्या पिशवीत पत्रिका, शुभवर्तमानाची पुस्तिका, चर्चचं कॅलेंडर काहीही घालू नका.
- मदत घ्यायला येणाऱ्याला सभेला बसायची अट घालू नका. अट सोडा, इशाराही नको.
- हिंदू, बौद्ध किंवा थारू (तिथला एक आदिवासी समाज) घरात आपणहून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करू नका. ख्रिस्ती घरात यजमानांनी सांगितलं तर जरूर करा.
- चौकात उभं राहून गाणी, साक्ष, लाउडस्पीकर नाही.

गटातल्या एखाद्याला हे पटत नसेल तर त्याला घरीच ठेवा. तुम्ही रेल्वेने परत याल, पण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या तिथल्या पाळकाला झिजवाव्या लागतील. आणि कायद्याचं भय बाजूला ठेवलं तरी, भुकेल्या माणसाला भात दाखवून नाव बदलायला लावणं ही काही सेवा नव्हे. "तांदूळ देऊन बाटवले" हा टोमणा आपण खान्देशात पिढ्यान् पिढ्या ऐकतोय. तिथल्या भावंडांच्या गळ्यात तो आपण बांधू नये.

४. कागदपत्रं

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी दोनच मुख्य ओळखपत्रं चालतात: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड मोठ्या माणसांना चालत नाही. पंधरा वर्षांखालचे आणि पासष्ट वर्षांवरचे आधार दाखवू शकतात. "आधार आहे ना, सगळीकडे चालतं" या भरवशावर आलेला एक तरी गडी प्रत्येक गटात असतो.

प्रत्येकाच्या पिशवीत हे असू द्या:

- पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत
- त्याच्या दोन झेरॉक्स, एक गटप्रमुखाकडे
- पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो (सिम कार्ड घ्यायला लागतात)
- पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला
- यजमान मंडळीचं पत्र आणि आपल्या मंडळीचं पत्र
- रक्तगट, आजार, चालू औषधं, घरचा फोन नंबर लिहिलेला कागद
- डॉक्टरांची चिठ्ठी, रोजची औषधं असतील तर
- प्रवास विमा, नेपाळ त्यात येतो की नाही हे वाचून

आता आपल्याकडची खास अडचण. नावं. शाळेच्या दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याचं दुसरं आणि मतदार कार्डावर तिसरं. वसावे आणि वसावा, गावित आणि गावीत, इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. मंडळीत सगळे "सॅम्युएल" म्हणतात आणि कागदावर "सामू" असतं. तिकीट, विमा आणि ओळखपत्र, तिन्हींवर अक्षरन् अक्षर एकच नाव हवं. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून निघायच्या सहा महिने आधी सगळ्यांचे कागद एका टेबलावर मांडून ताडून बघा. पहिल्यांदाच पासपोर्ट काढत असाल तर पोलीस पडताळणीचा वेळही धरा.

चारित्र्य दाखला नेपाळची सीमा मागत नाही. मी मागतो. मुलं असलेल्या घरात आपण अनोळखी माणसं नेतोय, तर आपल्याच गटातला कोण कसा आहे ते आधी माहीत असावं. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. "आपला भाऊच तर आहे" या कारणासाठी कोणालाही सूट देऊ नका, पाळकांच्या मुलालासुद्धा नाही.

अठरा वर्षांखालच्यांना नेऊ नका. रविवार शाळेच्या पोरांना फार हौस असते, पण त्यांची जबाबदारी घेण्यातच तुमचा आठवडा जाईल.

५. पैसे

शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी. हा दर १९९३ पासून कायम आहे, त्यामुळे सीमेवर घासाघीस करणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. गोंधळ वेगळाच होतो: दोन्हीकडचं चलन "रुपया"च. दुकानदाराने "पाचशे" म्हटलं की लगेच विचारा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. न विचारता दिलंत तर गेले तुमचे तीनशे एनसी.

शंभराच्या भारतीय नोटा भरपूर ठेवा. मोठ्या नोटांवर बरीच वर्षं बंदी होती आणि ते नियम बदलत राहतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या. शहरातल्या बऱ्याच दुकानांत आता आपलं यूपीआय चालतं, पण खेड्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

आता मंडळीच्या पैशाबद्दल, कारण इथे भलेभले अडकतात. आपल्या मंडळीचा किंवा संस्थेचा धर्मादाय ट्रस्ट नोंदलेला असेल, तर त्याच्या उत्पन्नाला आयकरात सूट मिळते ती भारतातल्या खर्चासाठी. तोच पैसा परदेशात खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. नेपाळ कितीही जवळ वाटला तरी तो परदेशच. तेव्हा दानपेटीतून "नेपाळ सेवा" म्हणून रक्कम काढून ताळेबंदात दाखवण्याआधी सीएला विचारा. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खिशातून करायचा आणि मदतही वैयक्तिक द्यायची. कापसाचे पैसे हातात आल्यावर बाजूला काढून ठेवले तर वर्षभरात जमतं.

रोख पाकीट घराघरात वाटू नका. एका घरी दिलं आणि शेजारी राहिलं की तुम्ही गेल्यावर तिथे भांडण लागतं. जे द्यायचं ते स्थानिक मंडळीच्या तीन-चार जणांच्या समितीला, पावती घेऊन.

६. कधी जायचं, कसं जायचं

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जाऊच नका. नेपाळचे डोंगररस्ते खचतात. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. काठमांडूला जाणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा रस्ता आहे. दसैं-तिहारच्या दिवसांत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीला, सगळी कार्यालयं बंद आणि बस भरलेल्या. दिवाळी आटोपल्यावरचा नोव्हेंबर बरा, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, दाट धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी असते. आपल्या तोरणमाळच्या थंडीवरून अंदाज बांधू नका.

नंदुरबार-नवापूरकडच्यांनी सुरत-भुसावळ मार्गाने भुसावळ गाठायचं. तिथून काशी एक्स्प्रेस किंवा कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, साधारण एक दिवस-रात्र धरा. या गाड्यांना बारमाही गर्दी, त्यामुळे आरक्षण सुरू होतं त्या दिवशीच काढा. गोरखपूरहून सोनौलीला बस किंवा जीप मिळते, साधारण शंभर किलोमीटर. सोनौलीची कमान पायी ओलांडली की नेपाळ, पुढे भैरहवा आणि बुटवल.

सीमेवर दोन-चार जण मागे लागतात: "इमिग्रेशन करून देतो, शिक्का मारून देतो." भारतीयांना शिक्का लागत नाही. ओळखपत्र हातात ठेवा, कोणी अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवा, आणि चालत राहा.

सामानाबद्दल सांगतो. कपड्यांची पोती, औषधांची खोकी, वह्यांचे गठ्ठे घेऊन जाऊ नका. नेपाळच्या कस्टमला तिथे भन्सार म्हणतात, आणि घाऊक माल दिसला की ते अडवतात. जे वाटायचं ते बुटवलच्या बाजारात घ्या. तिथल्या दुकानदाराचं पोट भरेल आणि रेल्वेत तुमची पाठ मोडणार नाही. जुने कपडे तर मुळीच नेऊ नका. बिनगुंड्यांचे शर्ट कोणालाही नको असतात, आपल्यालाही मिशनच्या खोक्यांमधून आलेले नको व्हायचे.

पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. बसच्या तिकिटावरची तारीख विक्रम संवताची असते आणि वर्ष आपल्यापेक्षा सत्तावन्नच्या आसपास पुढे. महिनेही वेगळ्या दिवशी सुरू होतात. आकडे देवनागरी असल्याने आपण झपकन वाचतो आणि तिथेच फसतो. परतीचं तिकीट काढताना इंग्रजी तारीख तोंडी वदवून घ्या आणि मागे पेनाने लिहा.

७. तब्येत

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसींबद्दल डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

माहीत नसतं ते सिकलसेलचं. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि कित्येकांची तपासणीच झालेली नसते. थंडी, पाणी कमी पिणं, दमणूक आणि उंची यांनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. गटातल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावं. आजार असेल तर डोंगरात जाऊ नये आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रवासच करू नये. नुसता वाहक असलेल्यानेही डॉक्टरांना सांगून ठेवावं. नेपाळच्या तराईतल्या थारू समाजातही हाच आजार आढळतो. तिथल्या आरोग्यसेविकेशी बोलायला आपल्या गटातल्या नर्स बहिणीला यासारखा विषय नाही. औषधांची यादी, तपासणी, लग्नाआधी रक्त बघणं, हे सगळं ती आपल्या अनुभवातून सांगू शकते. गाणी-नाटिकेपेक्षा याचा उपयोग शंभर पटींनी जास्त.

८. घरात भेट देताना

एका घरात जास्तीत जास्त तीन जण. त्यात एक बाई हवीच, आणि एक स्थानिक. बाकीच्यांनी मंडळीच्या घरी भांडी घासावीत, लाकडं फोडावीत, गळकं छप्पर बघावं. तेही कामच आहे.

पादत्राणं बाहेर काढा. चुलीजवळ बोलावल्याशिवाय जाऊ नका. आपल्यासारखंच उष्ट्या-खरकट्याचं तिथे कडक असतं, त्याला जुठो म्हणतात. मोठ्या बाईला दिदी किंवा आमा, पुरुषाला दाइ म्हणा. ख्रिस्ती घरात "जय मसीह", इतर घरांत "नमस्ते". जेवण सकाळी दहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी, दोन्ही वेळा डाळभात. दुपारी बाराला भूक लागली म्हणून चेहरा पाडू नका, पिशवीत शेव-पापडी ठेवा.

बुटवलच्या पुढे तराईतल्या एका थारू घरात आम्ही बसलो होतो. मातीने सारवलेल्या भिंती, आणि दोन खोल्यांच्या मध्ये भिंतीऐवजी उभी केलेली मातीची डेहरी, धान्य साठवायची. आपल्याकडची कणगी डोळ्यांसमोर आली. नवरा आखातात कामाला गेलेला, वर्षभर ना फोन ना पैसे. आमच्यातल्या एकाने लगेच हिशोब सुरू केला, तांदूळ किती, तेल किती. यजमान पाळकांच्या बायकोने मात्र सूप ओढून घेतलं आणि त्या बाईबरोबर मसूर निवडायला बसली. खडे वेचता वेचता इकडचं तिकडचं बोलणं. चहा झाला, परातीतली डाळ अर्धी झाली, तेव्हा कुठे कळलं की घरात तांदूळ आहे. अडलंय ते मुलीच्या जन्मनोंदणीला. बाप नाही, त्याचे कागद नाहीत, वडा (म्हणजे प्रभाग) कार्यालयातून दोनदा परत पाठवलेलं, आणि शाळा दाखला मागतेय. तिला हवं होतं ते बसभाडं आणि बरोबर येऊन साहेबासमोर बोलणारं कोणीतरी. ते पाळकांच्या बायकोने केलं. आमचं काम भाडं देणं आणि त्या दिवशी तिच्या शेळ्या राखणं एवढंच.

म्हणून घरात शिरल्या शिरल्या "काय हवंय?" विचारू नका. पाहुण्याला माणूस तांदूळच सांगतो. बसा, हाताला काम घ्या, ऐका. एकल महिलांना तिथे सरकारी भत्ता असतो, तो मिळतोय का ते स्थानिक माणसाला विचारू द्या. शाळेची फी, शिलाई मशीन, शेळीची जोडी, सावकाराचं व्याज, यातलं काय खरंच उपयोगी हे समितीने ठरवू द्या. शेतीचे धडे मात्र देऊ नका. भात कसा लावायचा ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

९. मुलं, फोटो आणि सीमा

मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही. मुलाला एकट्याने बाजारात न्यायचं नाही. फोन नंबर, फेसबुक द्यायचं नाही. "मी पुन्हा येईन" असं वचन द्यायचं नाही.

फोटो घरच्यांच्या परवानगीने, आणि मुलाचा चेहरा व गावाचं नाव एकत्र कुठेही टाकायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही नाही. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये असं शिकलेली आपण माणसं, आणि तांदळाची पिशवी देताना बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतो!

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कोणत्याही नेपाळी मुलाला किंवा तरुण मुलीला आपल्याबरोबर भारतात आणायचं नाही. आईने हात जोडले तरी नाही, "नवापूरच्या वसतिगृहात शिकेल" म्हणून नाही, "आमच्या घरी कामाला राहील" म्हणून तर नाहीच. सोनौलीसारख्या नाक्यांवर मानवी तस्करी रोखण्यासाठी पोलीस आणि माइती नेपालसारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या उभ्या असतात. त्या अडवून चौकशी करतात आणि त्यांचं बरोबरच आहे. कुठे मूल संकटात दिसलं तर नेपाळची बाल हेल्पलाइन १०९८, आपल्याकडच्यासारखाच नंबर. पोलीस १००.

१०. परत आल्यावर

पहिल्या रविवारी साक्ष द्यायला उभं राहाल तेव्हा "तिथले लोक किती दीनवाणे" असं रडगाणं नको. त्या घरांची नावं, गावं, दुःखं चर्चच्या माइकवरून सांगू नका. त्यांनी ती तुमच्या मंडळीला सांगितलेली नव्हती.

आठवड्याभरात हिशोब लिहून मंडळीपुढे ठेवा, नेपाळच्या समितीच्या पावत्यांसकट. पुढे मदत पाठवायची तर गुपचूप कोणाच्या हाती रोख देऊ नका. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा २००८ पासून आहे, बँकेच्या शाखेतून पैसे नेपाळमधल्या माणसापर्यंत जातात. स्टेट बँकेत चौकशी करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला ठरल्या तारखेला गेली पाहिजे. एका मुलीची फी वर्षभर भरणं आणि दुसऱ्या वर्षी विसरणं यापेक्षा न भरलेली बरी.

यजमान पाळकांना महिन्यातून एकदा फोन करा. सेवेचा विषय काढू नका, नुसती खुशाली विचारा. पुढच्या वर्षी किती माणसं पाठवायची ते त्यांनाच ठरवू द्या. "यंदा कोणी नको, फक्त नर्स बहिणीला पाठवा" असं म्हणाले तर तिचंच तिकीट काढा, आणि सोबतीला तिच्या घरचं कोणीतरी.